एकाच ओट्यावर चहा आणि कॉफी

आमच्या घरात सकाळी साडेपाचला दोन आवाज होतात. पहिला पितळी फिल्टरचा. त्याचं वरचं भांडं खालच्या भांड्यावर घट्ट बसवताना एक बारीकसा ‘टक्’ येतो. दुसरा आवाज खलबत्त्यात आलं ठेचल्याचा. फिल्टर माझ्या सासूबाईंचा, खलबत्ता माझ्या आईचा. अंथरुणात पडल्या पडल्या दोन्ही आवाज ऐकले, की दोघींची तब्येत ठीक आहे हे कळतं आणि माझा दिवस सुरू होतो.

माझं माहेर पेडण्याचं. लग्न होऊन डिचोलीला आले त्याला आता बावीस वर्षं झाली. सासरची मंडळी मूळची शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळीची. सासरे बँकेत होते. बदलीवर डिचोलीला आले, गाव आवडलं, इथेच घर बांधलं. त्यामुळे आमच्या मुलांना आजीशी कन्नड, दुसऱ्या आजीशी कोकणी, शाळेत मराठी आणि भांडताना तिन्ही भाषा येतात. या साप्ताहिकाच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. तुमच्यापैकी निम्म्या घरांत हेच चित्र असेल. भाषांचं भांडण आमच्याकडे कधीच झालं नाही. प्रश्न आला तो ओट्यावर. सकाळी गॅसवर पहिलं काय चढणार, चहा की कॉफी?

पेडण्याची च्या

आमच्या पेडण्यात चहाला ‘च्या’ म्हणतात. पहाटे पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजायचा. त्याच्याकडून उंडे, पोळ्या आणि काकणां घ्यायची. काकणां म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव. तो तसाच खाल्ला तर दात हलतील, पण गरम चहात बुडवला की मऊ होतो आणि चहाचा गोडवा सगळा पिऊन घेतो. वडील प्राथमिक शिक्षक होते. महिनाअखेरीला दूध कमी पडलं की ‘कोरी च्या’ व्हायची. बिनदुधाची, गुळाची, वर गवती चहाची दोन पाती. गरिबी म्हणून ती प्यायलो असं त्या वेळी कधी वाटलं नाही. आजही पाऊस लागला की मला दुधाचा चहा नको, ती कोरी च्याच हवी असते.

चहाची खरी ओढ मात्र रात्रीची. कोजागरीला पेडण्याची पुनव असते. त्या रात्री गाव झोपत नाही. दशावतारी नाटक असलं तरी तसंच. मध्यरात्र उलटली की संकासुराच्या गडबडीनंतर पोरं पेंगायला लागत. मग मागच्या बाजूला गाड्यावर पेट्रोमॅक्सच्या उजेडात काचेच्या ग्लासातला चहा मिळे. हात भाजे, म्हणून ग्लास काठाला धरायचा आणि फुंकत फुंकत प्यायचा. त्या चहाची चव तशी बेताचीच असणार. पण वडिलांच्या शालीत शिरून प्यायलेला तो अर्धा ग्लास माझ्या लेखी जगातला उत्तम चहा आहे.

आपल्या तोंडात ‘चहा’ हा शब्द कुठून आला, हेही मोठं गमतीचं आहे. जगातल्या बहुतेक भाषांत चहाची दोनच नावं आहेत. दोन्ही चीनमधलीच. कँटनकडच्या बोलीत ‘चा’, तर आमॉय बंदराकडच्या बोलीत ‘ते’. डच व्यापाऱ्यांनी आमॉयकडचा शब्द उचलला आणि तो इंग्रजीत ‘टी’ झाला. पोर्तुगीज मकाऊला होते, त्यांनी ‘चा’ उचलला. पोर्तुगीज माणूस आज तो ‘शा’ असा उच्चारतो. जमिनीच्या वाटेने इराणमार्गे गेलेल्या शब्दाचा ‘चाय’ झाला. आणि १६६२ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ब्रगांझा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाची राणी झाली, तेव्हा तिने चहाचा षोक इंग्रज दरबारात नेला. तिच्याच हुंड्यात इंग्रजांना मुंबई मिळाली. एका लग्नात चहा आणि मुंबई, दोन्ही इंग्रजांच्या पदरात पडली. त्यांनी दोन्हींचं काय केलं ते आपण जाणतोच.

चहा आपल्याकडे प्राचीन आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला तो १८३९ साली. तो चहा आपण प्यावा म्हणून पिकवलेला नव्हता, तो परदेशी जायचा. पुढे विसाव्या शतकात परदेशातली मागणी पुरेनाशी झाली, तेव्हा चहाच्या प्रचारकांनी आपल्या रेल्वे स्थानकांवर आणि गिरण्यांत चहा करून दाखवायला, फुकट वाटायला सुरुवात केली. आपण त्यात दूध, साखर, आलं, वेलची घातली आणि त्या परक्या पानाला आपलं करून टाकलं. चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो, असं म्हणणारे आपण इतक्या अलीकडचे चहाबाज आहोत.

तीर्थहळ्ळीची काफी

लग्नानंतर पहिल्यांदा आई मला भेटायला डिचोलीला आली, तेव्हाचा प्रसंग आमच्या घरात अजून सांगतात. सासूबाईंनी आदराने विचारलं, ‘‘ओंदु लोटा काफी कोडला?’’ आईला त्यातलं ‘लोटा’ आणि ‘काफी’ एवढंच कळलं. कन्नडमध्ये लोटा म्हणजे साधा पेला. आपल्याकडे लोटा म्हणजे काय ते सांगायला नको. आई घाबरून माझ्या कानात म्हणाली, ‘‘अगो, इतली कॉफी कोण पितलो?’’ मग तिच्यासमोर वाटीएवढा स्टीलचा पेला आला आणि सगळे हसले. आई हसली, पण कॉफीला तिने हात लावला नाही. त्याचं कारण पुढे सांगते.

सासूबाईंची कॉफी म्हणजे एक व्रत आहे. फिल्टरच्या वरच्या भांड्याला तळाशी बारीक छिद्रं असतात. त्यात माणशी दोन चमचे पावडर घालायची, चकतीने हलकेच दाबायची, फार दाबलं तर पाणी उतरत नाही. वरून उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं. मग पंधरा-वीस मिनिटं कुणी त्याला हात लावायचा नाही. थेंब थेंब खाली उतरतं ते डिकॉक्शन. ते पुन्हा उकळायचं नाही, त्याने कडू होतं. कढत दूध त्यात मिसळायचं, लोट्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून लोट्यात उंचावरून ओतायचं, फेस येईपर्यंत. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी घाईने डिकॉक्शन गॅसवर ठेवलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते मोरीत ओतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या न बोलण्याने मी कॉफी शिकले.

पावडरीत चिकोरी किती, हा त्यांच्या माहेरच्या गप्पांचा कायमचा विषय. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्याने कॉफीला दाटपणा आणि रंग येतो. कायद्याने ती निम्म्याहून कमीच घालता येते, कमाल ४९ टक्के. सासूबाई वीस टक्क्यांच्या वर जात नाहीत. ‘‘जास्त घातली की काफी नाही, काढा होतो,’’ असं त्यांचं मत.

त्यांच्या या निष्ठेचं मूळ त्यांच्या डोंगरांत आहे. बाबा बुडन या सूफी फकिराने सतराव्या शतकात हजहून येताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगररांगेला आजही बाबा बुडनगिरी म्हणतात. कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन या जिल्ह्यांच्या जोरावर देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकटं कर्नाटक पिकवतं. जिथे ती पिकते, तिथे ‘जेवलात का?’च्या आधी ‘काफी आयिता?’ विचारतात.

पण कर्नाटक म्हणजे कॉफी, हेही अर्धंच खरं. बेळगाव, धारवाड, विजापूरकडे जा. तिथे ‘चा कुडीरी’ म्हणतात आणि समोर येतो तो दाट गोड चहाच. हे जिल्हे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होते, आणि कॉफीवाला जुना म्हैसूर वेगळा होता. नकाशावरच्या रेघा पुसल्या गेल्या, पण कपातली रेघ राहिली असं मला वाटतं. माझ्या वर्गात गदग, बागलकोट, विजापूरहून कामासाठी गोव्यात आलेल्या कुटुंबांतली मुलं असतात. कन्नड बोलणारी ही मुलं कॉफीचं नाव काढत नाहीत. चहाच्या बाबतीत ती सासूबाईंपेक्षा माझ्या आईच्या जवळची. आणि उलट गंमत अशी, की देशातलं पहिलं ‘इंडिया कॉफी हाऊस’ निघालं ते म्हैसुरात नव्हे, तर १९३६ मध्ये मुंबईच्या चर्चगेटला.

एका घोटाचा अर्थ

आता आईने कॉफीला हात का लावला नाही, ते सांगते. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, ही आपल्याकडची जुनी समजूत. मुलीला मूल झालं की ती शिथिल होते, असंही मानतात. आईने मात्र ती मला दोन मुलं झाल्यावरही सोडली नाही. पेडण्याहून म्हापशाला बस बदलून ती यायची, पिशवीत नातवंडांना लाडू असायचे आणि एका डब्यात तिचा स्वतःचा चहा. पाव किलो पावडर आणि थोडी साखर. म्हणायची, ‘‘तुमची च्या म्हाका लागना गो, म्हाका म्हजीच जाय.’’ चवीचं निमित्त पुढे करायची. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणीच ते बोलत नव्हतं. मला राग यायचा. एम.ए.च्या वर्गाला स्त्रीवादी साहित्य शिकवणाऱ्या बाईच्या घरात तिची आई पाण्याचा घोट घेताना संकोचते, हे मला सहन होत नसे. एकदोनदा मी तोडून बोललेही. ती गप्प राहिली.

एका घोटात किती गोष्टी अडकतात याचं उदाहरण आपल्या इतिहासातही आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी चहा प्यायलं, कुणी नुसता हात लावून ठेवला. पुढे गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात मोठं ग्रामण्य झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. मोठमोठ्या विद्वानांना एका कपाने इतकं छळलं, तर माझ्या आईचं काय घेऊन बसलात, अशी मी पुढे स्वतःची समजूत घालू लागले.

कशात सुख जास्त?

दोन्ही पेयं रोज पिणारी घरात मी एकटीच. त्यामुळे पंच म्हणून मला बोलावलं जातं. माझं मत असं. चहाचं सुख करण्यात आहे, कॉफीचं सुख थांबण्यात आहे. चहा डोळ्यांसमोर घडतो. पाणी रंग बदलतं, आल्याचा वास उठतो, दूध वर येतं, खाली जातं, पुन्हा वर येतं. त्या दोन मिनिटांत माणूस दुसरं काही करू शकत नाही, आणि तेच त्याचं सुख. कॉफी आपल्या पाठीमागे, झाकणाखाली तयार होत असते. तिला घाई चालत नाही. परीक्षेचे पेपर तपासताना मला कॉफी हवी असते, आणि पेपर संपल्यावर चहा.

चहा माणसं जमवतो. डिचोलीच्या खाणी चालू होत्या त्या काळात खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवर कितीतरी चहाचे गाडे होते. ड्रायव्हर मराठी, क्लीनर कन्नड, गाडेवाला कोकणी, आणि सगळ्यांच्या हातात एकसारखा ग्लास. सोबत भाजी-पाव नाहीतर मिरची भजी. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि ट्रकांबरोबर ते गाडेही गेले. नंतर खाणी सुरू झाल्या, २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, अलीकडे काही ठिकाणी परत सुरू झाल्या आहेत. पण तो जुना चहाचा रस्ता परत आला नाही. माझ्या काही विद्यार्थ्यांची फी त्या गाड्यांवर निघत असे. चहाच्या ग्लासात किती घरं उभी असतात, ते मला तेव्हा कळलं. इकडे मोपाला २०२३ च्या जानेवारीपासून विमानं उतरू लागली. माझ्या माहेरच्या तालुक्यात आता कागदी पेल्यातली कॉफी मिळते. तिची किंमत ऐकून आईने विचारलं होतं, ‘‘त्यात दूध म्हशीसकट येतं की काय?’’

एक सूचना मात्र दोन्ही पक्षांना सारखीच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात म्हटलं आहे, की दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन घेऊ नये. दीडशे मिलिलिटर फिल्टर कॉफीत ते ८० ते १२० मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच चहात ३० ते ६५. शिवाय जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आपल्या घरांतल्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. आईचं हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, ‘‘भाकरीबरोबर चहा घेता का?’’ ती घेत होती, चाळीस वर्षं.

बिस्किटांचा डबा

२०१९ मध्ये वडील गेले. २०२० च्या मार्चमध्ये आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवसांसाठी ती आमच्याकडे आली. पिशवीत तिचा पाव किलो चहा होताच. आणि टाळेबंदी लागली.

पहिले काही दिवस गोव्यात किराण्याची दुकानंही बंद होती, हे तुम्हाला आठवत असेल. पुढे ती उघडली, पण आईला घराबाहेर सोडणं शक्य नव्हतं, आणि मी आणलेली पावडर तिला चालणार नव्हती. आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. एका सकाळी तिने डबा उपडा करून झटकला आणि म्हणाली, ‘‘हांवें च्या सोडली.’’ इतक्या शांतपणे, जणू सहज ठरवलं. दुपारपर्यंत तिचं डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी ती पडूनच होती. मी चहा करून नेला, तिने तोंड फिरवलं. मी चिडले, रडले, ह्यांनी समजावून पाहिलं. ‘‘नाका गो बाये,’’ एवढंच उत्तर.

तिसऱ्या दिवशी सासूबाई स्टुलावर चढल्या. सत्तरी उलटलेली बाई, मी धावत गेले. माळ्यावरून त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. त्यावर कन्नडमध्ये खडूने लिहिलं होतं, ‘बीगरु’, म्हणजे व्याही. झाकण उघडलं तर आत चहा पावडर. अर्ध्याहून जास्त डबा. आई दर वेळी येताना जो चहा आणायची, त्यातला उरलेला ती इथेच ठेवून जायची. सासूबाईंनी आयुष्यात चहा प्यायला नाही, पण तो उरलेला चमचा-दोन चमचे त्यांनी दर वेळी या डब्यात जमा केला होता. इतकी वर्षं. मला त्याचा पत्ताही नव्हता.

डबा घेऊन त्या आईच्या खाटेशी गेल्या आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, ‘‘हे तुमचंच आहे बघा. आमचं नाही. मी आता चहा करून सोडते, तुम्ही उठा.’’

त्यांनी केलेला तो पहिला चहा. डिकॉक्शनसारखा, पावडर न उकळता वरून गरम पाणी ओतून केलेला. आई उठून बसली. एक घोट घेतला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘वास गेला हिचा. पण रंग आहे.’’ आणि पूर्ण कप प्यायली.

आई परत पेडण्याला गेली ती नुसती घर आवरायला. आता ती आमच्याकडेच असते. जुनी समजूत तिने सोडली असं मी म्हणणार नाही. निवृत्तिवेतन आलं की आजही ती नातवाला पैसे देऊन स्वतःची चहा पावडर मागवते. फरक इतकाच, की पुढच्याच महिन्यापासून सासूबाईंनीही आपली कॉफी पावडर स्वतःच्या पेन्शनमधून आणायला सुरुवात केली. मी विचारलं, ‘‘अत्ते, तुम्ही कशाला?’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्यांची पावडर त्यांची, माझी पावडर माझी. दूध तेवढं तुमचं.’’ आईने ते ऐकलं. काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून तिने डबा पिशवीत ठेवणं सोडलं. तो आता ओट्यावर असतो, कॉफीच्या डब्याला लागून.

सकाळी पहिलं काय चढणार, हा प्रश्नही त्यानंतर मिटला. फिल्टरमध्ये ओतायचं पाणी आधी उकळतं, आणि त्यातलंच कपभर आई चहासाठी मागून घेते.